आयत्या कोडची लाज कशाला?

«नमस्कार ताई,

मी चार वर्षं वेब डेव्हलपर म्हणून काम करतेय. टीम पाच जणांची. गेल्या महिन्यात एक साधं अपडेट केलं आणि आमच्या बुकिंगच्या पानावरचं कॅलेंडर बंद पडलं. ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या आयत्या कोडवर, ते उभं होतं तिला तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही, हे मग कळलं. दुरुस्तीत दोन दिवस गेले. मीटिंगमध्ये आमचे सीनिअर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलं की असंच होतं.’ आता त्यांचं म्हणणं, सगळ्या लायब्रऱ्या काढून टाकायच्या आणि जे लागेल ते आपणच लिहायचं. आमच्या पॅकेजच्या (म्हणजे अशा लायब्रऱ्यांच्या) यादीत ४३ नावं आहेत आणि त्यांनी सोबत आणलेला सगळा कोड जिथे असतो ते नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उघडलं तर हजाराच्या वर. दुसरा सहकारी म्हणतो, जगभर लाखो लोक वापरतात, आपण कोण मोठे शहाणे? मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. आणि खरं सांगते, लायब्रऱ्या काढून घेतल्या तर माझ्या हातात काय उरतं, हा प्रश्न आता झोपू देत नाही.

– एक वाचक»

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे प्रश्न तांत्रिक आहेत, त्यांना उत्तरं आहेत. हा मात्र मनात घर करून बसला की माणूस काम करताना बिचकायला लागतो.

तुझे सीनिअर जो कोड लिहितात त्याच्याखाली ब्राउझर आहे, ब्राउझरच्या आत जावास्क्रिप्टचं इंजिन आहे, आणि त्यातली एकही ओळ त्यांनी लिहिलेली नाही. आपण सगळेच कुणीतरी घातलेल्या पायावर उभे राहून काम करतो. कुठपर्यंतचं दुसऱ्याचं घ्यायचं आणि कुठून पुढे आपलं लिहायचं, एवढंच आपल्या हातात असतं. त्यामुळे आयतं घेण्यात कमीपणा काहीच नाही. ते वाक्य सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हेही मला स्पष्ट म्हणायचंय. पण त्यांच्या रागामागे एक खरी गोष्ट आहे. ते बीळ कुणी खोदलं, अजून कुणी सांभाळतंय का, हे तुम्हा पाचांपैकी एकानंही तीन वर्षांत पाहिलं नाही. चूक तिथे झाली. लायब्ररी वापरली ही चूक नव्हे.

मी या कामात आले तेव्हा जेक्वेरी ही लायब्ररी नवी होती. जॉन रेसिगनं ती २००६ मध्ये आणली. त्या काळी एका बटणाला क्लिक जोडायचं तरी इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक पद्धत आणि बाकीच्या ब्राउझरांसाठी दुसरी. एक्सप्लोररला जगाची पद्धत कळायला २०११ चं नववं व्हर्जन यावं लागलं. तेव्हा जेक्वेरी घेणं म्हणजे आळस नव्हता. चार ब्राउझरांची भांडणं कुणीतरी आपल्या वतीनं मिटवून ठेवली होती. मग ब्राउझर स्वतःच शहाणे झाले. पानावरचे घटक शोधायला क्वेरीसिलेक्टरऑल आलं, क्लास बदलायला क्लासलिस्ट आली, सर्व्हरशी बोलायला २०१५ पासून फेच येऊ लागलं. ज्या कारणासाठी लायब्ररी घेतली ते कारणच उरलं नाही, आणि तरी ती हजारो प्रोजेक्टांमध्ये तशीच बसून राहिली. कारण ‘आता हिची गरज आहे का’ हे विचारणं कुणाच्याच कामात नव्हतं.

म्हणून तुझ्या ४३ नावांपैकी सगळ्यात आधी बघायची ती अशी, ज्यांचं काम आता ब्राउझर स्वतः करतो. पॉपअपसाठी एखादी लायब्ररी असेलच. डायलॉग हा टॅग २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. शोमोडलनं उघडला तर एस्केप दाबला की तो बंद होतो, उघडला की फोकस आत जातो, मागचं पान गोठवून ठेवतो. ऑब्जेक्टची खोल प्रत काढायची असेल तर स्ट्रक्चर्डक्लोन आहे. आकडे आणि तारखा वेगवेगळ्या भाषांत लिहून दाखवायच्या तर इंटल आहे. स्ट्रिंगच्या डावीकडे शून्यं भरायची असतील तर पॅडस्टार्ट आहे, २०१७ च्या जावास्क्रिप्टपासून.

हे शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून, म्हणजे सगळे जिथून अशी पॅकेजं उतरवून घेतात त्या कोठारावरून, काढून घेतलं. भांडण भलत्याच एका पॅकेजच्या नावावरून होतं, पण रागाच्या भरात त्यानं आपली अडीचशेहून अधिक पॅकेजं मागे घेतली. बेबलसारखी मोठी साधनं त्या ११ ओळींवर टेकलेली होती, त्यामुळे जगभरचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालती साइट तयार करण्याची कामं, कोसळले. एनपीएमला ते पॅकेज स्वतः परत बसवावं लागलं. त्या ११ ओळी कुणालाही लिहिता आल्या असत्या. माझा नियम तेव्हापासून असा आहे की जे काम एका बैठकीत लिहून, टेस्ट करून, सहकाऱ्याला समजावून सांगता येतं, त्यासाठी बाहेरचं पॅकेज घ्यायचं नाही. हा नियम तू सीनिअरना सांगितलास तर ते खूश होतील.

पण त्यांचं ‘सगळंच आपण लिहू’ मला अजिबात मान्य नाही, आणि त्यासाठी तुमचं कॅलेंडरच पुरेसं आहे.

कॅलेंडर पाहिलं की वाटतं, सात स्तंभांचं कोष्टक तर आहे, एका दिवसात होईल. कोष्टक खरंच एका दिवसात होतं. मीही असंच एक केलं होतं, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, आणि ते नीट चालत होतं. मग महिन्याच्या ३१ तारखेला तक्रार आली की ‘पुढचा महिना’ दाबलं तर फेब्रुवारी येतच नाही, थेट मार्च उघडतो. जावास्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारीचा महिना बदलून फेब्रुवारी केला, तर ३१ फेब्रुवारी नसल्यामुळे तारीख आपोआप २ किंवा ३ मार्चवर सरकते. ते दुरुस्त केलं. मग दुसऱ्या खंडातल्या ग्राहकांना सगळी बुकिंग एक दिवस आधीची दिसू लागली. ‘२०२४-०३-१०’ अशी नुसती तारीख दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतली मध्यरात्र समजतं, आणि तिच्यापुढे वेळ जोडली तर तीच तारीख स्थानिक मानतं. यूटीसीच्या पश्चिमेला बसलेल्या माणसाला पहिल्या प्रकारात ९ मार्च दिसतो. तेही दुरुस्त केलं. मग जिथे घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे करतात तिथली तक्रार आली, कारण मी ‘उद्या’ काढताना २४ तास मिळवत होते आणि तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा असतो, एक २५ तासांचा. सामोआनं तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, २९ नंतर थेट ३१. असल्या नोंदी कुणीतरी वर्षानुवर्षं जमवून, पडताळून ठेवतं. ते ज्ञान माझ्या चार फंक्शनांत येणार नव्हतं, कितीही हुशारी केली असती तरी.

आणि यात कीबोर्डचा विषय अजून आलाच नाही. जो माणूस माऊस वापरू शकत नाही त्याला बाणांच्या बटणांनी दिवस बदलता आला पाहिजे. ज्याला पडदा दिसत नाही त्याला स्क्रीन रीडरनं ‘मंगळवार, १२ मार्च, उपलब्ध नाही’ असं वाचून दाखवलं पाहिजे. घाईत लिहिलेल्या घरच्या कॅलेंडरात हे जवळजवळ कधीच नसतं, कारण लिहिणाऱ्याला त्याची उणीव जाणवत नाही. चांगल्या लायब्ररीत ते असतं, कारण ज्यांना जाणवली त्यांनी तक्रार करून, भांडून ते घालून घेतलेलं असतं. मला लायब्ररीचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं. तुला आयुष्यात कधी भेटणार नाहीत अशा माणसांच्या अडचणी त्या कोडमध्ये आधीच सोडवलेल्या असतात.

असाच दुसरा प्रांत म्हणजे वापरकर्त्यानं लिहिलेलं एचटीएमएल स्वच्छ करणं. कोड चालवणारा स्क्रिप्ट टॅग शोधून काढून टाकला की झालं, असं वाटतं. मग कुणीतरी चित्राचा टॅग टाकतं, चित्राचा पत्ता मुद्दाम चुकीचा देतं आणि चित्र न सापडल्यावर चालणारा कोड त्याच टॅगमध्ये लिहितं. स्क्रिप्ट टॅग कुठेच नसतो आणि कोड चालतो. यासाठी डोमप्युरिफाय ही लायब्ररी घ्यावी आणि वेळेवर अपडेट करावी. गुप्तलेखनाबद्दल (एन्क्रिप्शन) तर चर्चाच नको, ते कधीही स्वतः लिहू नये. नकाशे, पीडीएफ दाखवणं, मजकूर लिहायचे एडिटर हेही असेच, वरून सपाट दिसणारे आणि आत खोल. एखादं काम किती ओळींचं आहे ते विचारू नकोस. त्यात चूक झाली तर ती आपल्याला दिसेल का, ते विचार. कोष्टकाची रेघ वाकडी असली तर लगेच दिसते. तारखेची चूक सहा महिन्यांनी दिसते, आणि सुरक्षेची चूक आपल्या आधी दुसऱ्याच कुणाला तरी दिसते.

आता तुझ्या दुसऱ्या सहकाऱ्याचं ‘लाखो लोक वापरतात’. लाखो लोक वापरतात म्हणजे लाखो लोकांनी वाचलंय असं नाही. बहुतेकांनी फक्त इन्स्टॉल केलेलं असतं, प्रत्येक जण दुसऱ्या कुणीतरी पाहिलं असेल या भरवशावर. २०१८ मध्ये इव्हेंटस्ट्रीम या पॅकेजच्या थकलेल्या लेखकानं ते मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती दिलं. त्यानं त्यात एक नवी डिपेंडन्सी, म्हणजे टेकायला आणखी एक पॅकेज, घातली, आणि तिच्यात कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटमधले पैसे चोरणारा कोड होता. उघडकीला यायला दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. त्या मूळ लेखकाबद्दल मला राग नाही. वर्षानुवर्षं फुकट काम करून थकलेला माणूस होता तो, आणि त्याच्या कोडवर पैसे कमावणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याला कधी मदत विचारली असेल? सप्टेंबर २०२५ मध्ये तर चॉक आणि डीबग यांसह १८ पॅकेजं एकाच मेंटेनरच्या (पॅकेज सांभाळणाऱ्याच्या) खात्यातून बिघडवली गेली. एनपीएमकडून आल्यासारखी दिसणारी एक ईमेल, एवढंच लागलं. त्या पॅकेजांची आठवड्याची डाउनलोड मिळून २ अब्जांच्या वर होती. घातक व्हर्जनं सुमारे दोन तासांत सापडली, पण त्या दोन तासांत ज्यांचे बिल्ड आपोआप ताजं व्हर्जन उचलत होते त्यांच्याकडे ती पोचली असतील.

यातून घाबरून जायचं नाही, सवयी बदलायच्या. लॉकफाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल, टीमच्या कोडच्या साठ्यात (रिपॉझिटरीत) ठेवा आणि सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा, म्हणजे लॉकफाइलमध्ये लिहिलंय तेच व्हर्जन येईल, दुसरं नाही. पॅकेजच्या यादीत व्हर्जनाच्या आधी जे वरच्या टोकाचं चिन्ह (^) असतं त्याचा अर्थ ‘मुख्य आकडा बदलत नाही तोवर जे नवं येईल ते चालेल’ असा होतो. हे तुम्हा पाचही जणांना माहीत असलं पाहिजे. सुरक्षेची दुरुस्ती नसेल तर नवं व्हर्जन निघाल्यादिवशी घेऊ नका, काही दिवस मुरू द्या. एनपीएमच्या जागी वापरता येणाऱ्या पीएनपीएममध्ये तर आता व्हर्जनाचं किमान वय ठरवून देता येतं.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून थेट स्क्रिप्ट ओढत असाल तर ती मात्र याच आठवड्यात बंद करा. जुन्या ब्राउझरांना आधार देणारी पॉलिफिल डॉट आयओ ही सेवा लाखभर साइट वापरत होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं डोमेन दुसऱ्या कंपनीच्या हाती गेलं आणि जूनमध्ये त्या साइटवरच्या लोकांना घातक कोड मिळायला लागला. साइटवाल्यांनी आपल्याकडे एक अक्षरही बदललं नव्हतं. इंटेग्रिटी हॅश, म्हणजे फाइलीचा ठसा, लावून फाइल बांधून ठेवता येते, पण इथे प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल जात असल्यामुळे तोही मार्ग नव्हता. आणि ‘सीडीएनवरची (सगळ्या साइटसाठी ठेवलेल्या सर्व्हरांवरची) फाइल लोकांच्या कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठवणीत, आधीच असते, म्हणून पान लवकर उघडतं’ हे कुणी सांगितलं तर ते आता खरं नाही. ब्राउझर प्रत्येक साइटची कॅश वेगळी ठेवतात, क्रोम २०२० पासून आणि फायरफॉक्स २०२१ पासून. फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवलेली बरी.

फ्रेमवर्क म्हणजे ज्या चौकटीत अख्खी साइट लिहितात ती, तिच्याबद्दल थोडक्यात. लायब्ररीला आपण हाक मारतो, फ्रेमवर्क आपल्याला हाक मारतं, त्यामुळे ते बदलणं म्हणजे घर बदलणं. अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क २०१० मध्ये आलं, त्याचा आधार २०२१ च्या शेवटी संपला, आणि त्यापुढच्या अँग्युलरचं नाव सारखं असलं तरी कोड नव्यानं लिहावा लागला. तुमचं फ्रेमवर्क जिवंत असेल तर या साफसफाईत त्याला हात लावू नका.

साफसफाई कशी करायची? एकदम सगळं उपटायचं नाही. चालू असलेला कोड काढून त्याजागी नवा लिहिला की जुन्या चुका जातात आणि आपल्या नव्या चुका येतात. एक दुपार बाजूला काढा, पाचही जण बसा, ४३ नावं एकेक करून वाचा. हे काय करतं, कुठे वापरलंय, शेवटचं व्हर्जन कधी आलं, मेंटेनर किती आहेत, ते स्वतःसोबत आणखी किती पॅकेजं आणतं, लायसन्स कोणतं. माझा अनुभव असा की पाच-सहा नावं कुणीच वापरत नसल्याचं पहिल्या तासातच कळतं आणि ती त्याच दिवशी जातात. काही ठिकाणी एका फंक्शनसाठी अख्खी लायब्ररी पानावर चढवलेली सापडते. लोडॅश ही छोट्या फंक्शनांची लायब्ररी पूर्ण घेतली तर मिनिफाय करूनही (मोकळ्या जागा काढून आकसूनही) सुमारे ७० किलोबाइट होते. जावास्क्रिप्टचा भार नुसता डाउनलोडचा नसतो, ते वाचायला आणि चालवायलाही फोनला वेळ लागतो. तिथे हवं तेवढंच फंक्शन आयात करा.

ज्या लायब्रऱ्या राहतील त्यांच्यातली कोणतीही सतरा ठिकाणी थेट वापरू नका. मध्ये आपली एक फाइल ठेवा. बाकीचा कोड त्या फाइलीला विचारेल, ‘या तारखेपुढचे सात दिवस दे’, आणि ती फाइल आत कोणती लायब्ररी वापरते हे इतरांना कळायचं कारण नाही. मोमेंट या तारखांच्या लायब्ररीच्या टीमनं सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच जाहीर केलं की नव्या प्रोजेक्टसाठी मोमेंट घेऊ नका. किती प्रामाणिक निर्णय! तेव्हा आमच्याकडे ज्या प्रोजेक्टमध्ये अशी मधली फाइल होती तिथे बदल दीड दिवसात झाला. दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये नव्हती, तिथे तो दोन वर्षांनीही अर्धवटच होता. तुमचे दोन दिवस गेले त्यातला बराचसा वेळ कॅलेंडरला कुठून कुठून हाक मारलीय ते शोधण्यात गेला असणार, असा माझा अंदाज आहे.

त्या कॅलेंडराचं म्हणशील तर आधी ब्राउझरचं स्वतःचं तारखेचं इनपुट चालतंय का पाहा. त्यात पहिली आणि शेवटची तारीख ठरवता येते, कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरची सोय ब्राउझर करतो. मधल्या भरलेल्या तारखा मात्र त्यात बंद करता येत नाहीत. तुमच्या बुकिंगला ते हवंच असेल तर सांभाळली जाणारी नवी लायब्ररी घ्या. ती निवडताना माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डनं एक बुकिंग करून बघा, सीनिअरनाही सोबत बसवा. कोणती नापास होते ते दहा मिनिटांत कळेल आणि वाद आपोआप कमी होईल.

आता पुन्हा तुझ्या झोप उडवणाऱ्या प्रश्नाकडे. लायब्ररीशिवाय आपल्याला काय येतं हे नुसता विचार करून कळत नाही. डीबाउन्स स्वतः लिही, म्हणजे शोधाच्या चौकटीत टायपिंग थांबल्यावरच सर्व्हरला विचारणारं ते छोटं फंक्शन. टायमर लावायचा, नवं अक्षर आलं की जुना टायमर रद्द करायचा. आठ-दहा ओळींत होईल आणि चालेल. मग लोडॅशमधलं डीबाउन्स उघडून शेजारी ठेव. तिथे तुला दिसेल की पहिल्याच अक्षराला लगेच चालवायची सोय आहे, माणूस थांबलाच नाही तर जास्तीत जास्त किती वाट पाहायची ते ठरवता येतं, मधेच रद्द करता येतं, थांबवून ठेवलेलं काम ताबडतोब उरकता येतं. प्रत्येक जादा ओळीपाशी थांब आणि स्वतःला विचार, ही कुणाच्या अडचणीसाठी आली असेल? मग ठरव, आपल्या शोधाच्या चौकटीला यातलं काय लागतं. कदाचित तुझ्या दहा ओळीच पुरेशा असतील. ते ठरवता आलं की हातात काय उरतं त्याचं उत्तर तुझं तुलाच मिळेल, आणि ते कुणाच्या मीटिंगमधल्या वाक्यावर अवलंबून राहणार नाही.

त्यानंतर ते बंद पडलेलं कॅलेंडर उघड. तीन वर्षं कुणी हात न लावलेला तो कोड अजून तुमच्या नोड मॉड्यूल्समध्येच असेल. काढून टाकण्याआधी एकदा वाच.